यंत्र बरे, प्रात्यक्षिक त्याहून बरे: घरगुती आरओ यंत्राचे वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेले वर्षभर जे आरओ (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी दाबाने गाळणारे) जलशुद्धीकरण यंत्र टांगलेले आहे, ते आम्ही फेब्रुवारी 2025 मध्ये 16,400 रुपयांना घेतले. नुसत्या यंत्राविषयी लिहायचे तर काम पाऊण पानात आटोपेल, कारण ते चालते, गळत नाही आणि पाणी देते. लिहावेसे वाटले ते ज्या रीतीने ते आमच्या गळ्यात पडले त्याविषयी. इतकी वर्षे वर्तमानपत्रांत, दूरदर्शनवर आणि आता मोबाइलवर जाहिराती पाहत आले, पण जाहिरातीची कला इतक्या जवळून, आमच्याच ओट्यावर आणि आमच्याच पेल्यांत, मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. हीच पिशवी, हेच उपकरण आणि जवळपास हीच वाक्ये घेऊन निरनिराळ्या कंपन्यांचे विक्रेते फिरत असतात, हे नंतर ओळखीच्या घरांतून कळले. तेव्हा सगळा दोष एकीच्याच माथी मारणे बरे नव्हे.

आधी वेळ सांगितली पाहिजे, कारण विक्रेत्याने वेळ फार अचूक साधली होती. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात राहतो. जानेवारी 2025 मध्ये याच भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. रुग्णांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळला, आणि दूषित पाण्याकडे सर्वांचे बोट गेले. घरोघरी पाणी उकळणे सुरू झाले होते, हॉटेलात गेलेच तर लोक पाण्याची बाटली बरोबर नेत होते, आणि माझ्या सासूबाई, ज्यांचे वय 78 आहे, रोज सकाळी वर्तमानपत्रातला रुग्णांचा आकडा मोठ्याने वाचून दाखवत होत्या. भीती खरी होती आणि तिला कारणही खरे होते. अशा घराची बेल वाजवणाऱ्याला भीती निर्माण करण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. तिला फक्त आपल्या मालाकडे वळवायचे असते.

पहिली भेट घरात झालीच नाही. सोसायटीच्या फाटकाशी एक मोठी छत्री, एक घडीचे टेबल आणि ‘मोफत पाणी तपासणी’ असा फलक लावून दोन तरुण उभे होते. एका कागदावर नाव, फ्लॅटचा क्रमांक आणि सही एवढेच त्यांनी मागितले. सही करताना मी काही विकत घेत नव्हते, पण दुसऱ्या दिवशी तो तरुण दारात आला तेव्हा त्याच्या हातात माझीच सही होती आणि ‘आम्ही कुठे बोलावले होते’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. आत आल्यावर त्याने यंत्राचे नावही काढले नाही. नळ सोडून पाहिला, धार वेडीवाकडी येते असे म्हणाला, नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढली, खिशातल्या जुन्या टूथब्रशने तिच्यातली वाळू साफ केली आणि परत बसवून दिली. दोन मिनिटांचे काम, पण गेले सहा महिने ते आमच्याकडून झाले नव्हते. त्यानंतर त्याला चहा विचारणे भाग होते आणि चहा पिणाऱ्या माणसाला मध्येच उठवता येत नाही.

मग त्याने दोन पेले मागितले. हे त्याच्या कसबाचे लक्षण होते. स्वतःचे पेले त्याने पिशवीतून काढले असते तर त्यांत आधीच काही लावून ठेवले असेल असा संशय एखाद्याला आला असता. आमचेच पेले, आमच्याच हातांनी विसळलेले, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. एका पेल्यात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतले आरओचे. पेनाच्या आकाराचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) मोजणारा मीटर पहिल्यात बुडवल्यावर आकडा आला 118 आणि दुसऱ्यात 22. “बघा, ताई,” एवढेच म्हणून तो थांबला. आकडा मोठा म्हणजे घाण जास्त, हे वाक्य त्याने उच्चारलेच नाही. ते आम्ही मनातल्या मनात स्वतःच पुरे केले.

त्यानंतर निघाले ते मुख्य उपकरण. काळ्या प्लास्टिकची पेटी, तिच्याखाली धातूच्या चार दांड्या, आणि एक वायर जी त्याने मिक्सरच्या सॉकेटमध्ये लावली. दांड्या दोन्ही पेल्यांत बुडाल्या. नळाच्या पाण्यात आधी बारीक बुडबुडे उठले, मग पिवळसर छटा, मग हिरवट ढग, आणि मिनिटभरात पाण्यावर तपकिरी साय धरली. खाली पांढुरके पुंजके तरंगत होते. शेजारचा पेला मात्र होता तसा नितळ. खोलीत कोणी बोलत नव्हते. त्याने तो गढूळ पेला उचलून माझ्याकडे न देता सासूबाईंच्या हातात दिला आणि अगदी हलक्या आवाजात मला विचारले, “ताई, हे पाणी तुम्ही आजींना देता?”

मला वाटते विक्री तिथेच झाली. उरलेले सगळे हिशेबाचे काम होते.

तरी त्याने एक प्रयोग आणखी केला. नळाच्या ताज्या पाण्यात एका छोट्या बाटलीतले दोन थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. “केमिकल,” तो म्हणाला. आरओच्या पाण्यात तेच थेंब टाकले, रंग आला नाही. इथे मला कबुली द्यायला हवी. माझे वडील सातारा जिल्ह्यात आरोग्य खात्यात नोकरीला होते आणि गावच्या विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट घेताना मी त्यांना लहानपणी कितीदा तरी पाहिले आहे. नळीतले पाणी पिवळे झाले की ते समाधानाने वहीत नोंद करत आणि रंग आला नाही की त्यांचे कपाळ आक्रसे. पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजेच वाटेत जंतू शिरले तर त्यांचा समाचार घ्यायला पहारेकरी जागा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावे असे सांगितले आहे. म्हणजे ज्या रंगाने माझ्या वडिलांना निर्धास्त वाटायचे, तोच रंग माझ्या ओट्यावर विष म्हणून दाखवला जात होता, आणि ते सर्व ठाऊक असूनही मी गप्प बसले, कारण त्या क्षणी माझी नजर सासूबाईंच्या हातातल्या पेल्यावर होती.

किमतीचे प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते सर्वांच्या परिचयाचे आहे. माहितीपत्रकावर 24,500 चा आकडा छापून त्यावर लाल काट मारलेली होती, खाली 17,900. आमचा कँडलचा जुना स्टीलचा फिल्टर, ज्याचे भंगारवाल्याने दीडशे-दोनशे रुपये दिले असते, त्याचे त्याने 1,500 लावले, आणि इतका चांगला सौदा आपल्याला पुन्हा मिळणार नाही असे वाटून आम्ही खूश झालो. दर ‘आज संध्याकाळी सहापर्यंत’ होता. आमच्या इमारतीतल्या अकरा घरांनी नोंदणी केल्याची यादी त्याने दाखवली. तिच्यातली तीन घरे, नंतर कळले, माझ्यासारखीच फाटकाशी ‘मोफत तपासणी’साठी सही करणारी होती. बसवणे मोफत होते, पण बाहेरच्या प्री-फिल्टरचे 650 आणि फिटिंगच्या सामानाचे 400 वेगळे द्यावे लागले. तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात सरकवलेले त्याच कंपनीचे पत्रक आले. यंत्र तेच, दर तोच, मुदत पुन्हा त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत.

आता त्या गढूळ पेल्याकडे वळते. यंत्र बसल्यानंतर महिन्याभराने कुतूहल स्वस्थ बसू देईना म्हणून मी तशीच चार दांड्यांची पेटी काही शे रुपयांना ऑनलाइन मागवली. (वीज थेट पाण्यात जात असल्याने हा खेळ घरी कोणी करू नये, हे आधीच सांगते, मीही शेजारच्या निवृत्त रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच केला.) यंत्रातून काढलेले 22 आकड्याचे पाणी पेल्यात घेतले, दांड्या बुडवल्या, बटण दाबले, काही झाले नाही. बटण बंद करून सरांनी त्यात चिमूटभर मीठ टाकले, जे आपण रोज आमटीत टाकतो तेच, आणि पुन्हा बटण दाबले. अर्ध्या मिनिटात बुडबुडे, मग हिरवट ढग, मग तपकिरी साय. इतके दाट की आमच्या नळाच्या पाण्याचा पेला त्यापुढे स्वच्छ वाटावा.

कारण सरळ आहे. दांड्यांपैकी दोन लोखंडाच्या आणि दोन ॲल्युमिनियमच्या असतात. पाण्यात क्षार विरघळलेले असतील तर त्यातून वीज वाहते आणि दांड्यांचा धातूच झिजून पाण्यात उतरतो. लोखंडाचा आधी हिरवट आणि मग हवा लागल्यावर गंजासारखा तपकिरी साका होतो, ॲल्युमिनियमचे पांढुरके पुंजके होतात. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि दांड्या शाबूत राहतात. म्हणजे पेल्यातली घाण पाण्यातून निघालेली नव्हती, ती पेटीतून आली होती. त्यातली गंमत सरांनी दाखवली. ते पांढरे पुंजके ज्या पदार्थाचे, तोच पदार्थ पाण्यात तुरटी फिरवल्यावर तयार होतो आणि गढूळपणाला आपल्यात गुंडाळून तळाशी बसवतो. आजीच्या काळातल्या रांजणापासून शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पाणी स्वच्छ होते ते त्याच्या जोरावर. बोलणाऱ्याची माती खपते असे आपण म्हणतो. इथे विक्रेत्याने माती आमच्या डोळ्यांसमोर तयार करून ती आमचीच म्हणून आम्हाला दाखवली.

टीडीएसचेही तसेच. मीटर पाण्याची वीजवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतो. आमचे 118 त्यात कुठे बसते हे सांगायला गणित लागत नाही. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला धरणसाखळीतले पाणी हे पावसाचे, धरणात साठलेले पाणी. त्यात क्षार कमीच असायचे. सरांनी तोच मीटर शहाळ्याच्या पाण्यात बुडवला तेव्हा आकडा तीन हजारांच्या आसपास गेला, आणि ते तर आपण आजाऱ्याला मुद्दाम आणून देतो. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओ यंत्रांवर बंदी घालावी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते, ते पाण्याच्या नासाडीचा विचार करून. त्या मापाने आमच्या घरात, निदान वर्षातले बरेच महिने, हे यंत्र असायलाच नको.

या सगळ्यात मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटलेली गोष्ट अशी की पाण्याविषयी विक्रेता एकही खोटे वाक्य बोलला नाही. आकडा 118 होता, तो 118 च म्हणाला. पाणी गढूळ झाले, तेही खरे. क्लोरीन हे रसायन आहे, हेही खरे. शिवाय त्याच्यापाशी एक प्रामाणिक मुद्दा होता: आमच्या यंत्रात यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा आहे, आणि तो व आरओचा पडदा मिळून जिवाणूंना आळा घालतात, जे त्या महिन्यात आम्हाला खरोखर हवे होते. पण जिवाणू पेल्यात मिनिटभरात दाखवता येत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो, तो वाढवावा लागतो, दोन-तीन दिवस थांबावे लागते, आणि तोपर्यंत ग्राहक थंड झालेला असतो. शिवाय जिवाणूंचा विषय निघाला असता तर ‘मग उकळून प्यावे’ हे उत्तर सासूबाईंनी तिथल्या तिथे दिले असते, आणि त्या उत्तराला गॅसपलीकडे खर्च नाही. म्हणून भीती जिवाणूंची, पुरावा क्षारांचा आणि रंग लोखंडाचा, अशी तीन वेगळ्या गोष्टींची मोट त्याने इतकी बेमालूम बांधली की सांधा दिसू नये. धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत पाण्याला येणारा फेस जे काम करतो, तेच काम इथे गढूळ साय करत होती. प्रश्नाशी तिचा संबंध असो वा नसो, ती डोळ्यांना दिसत होती.

माहितीपत्रक मी अजून जपून ठेवले आहे. पहिल्या पानावर मराठीत, ठळक लाल अक्षरांत ‘99.99 टक्के जंतूंपासून संरक्षण’ असे आहे आणि आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी आहे. तिचा खुलासा शेवटच्या पानाच्या तळाशी, राखाडी शाईत, इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत की मला सासूबाईंचे भिंग आणावे लागले: नियंत्रित परिस्थितीत, प्रयोगशाळेत, ठरावीक जिवाणूंवर केलेल्या चाचणीचा हा निकाल असून प्रत्यक्ष वापरात तो वेगळा असू शकतो. 9 जून 2022 पासून लागू असलेल्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टंकात असायला हवा, आणि ज्यासाठी ग्राहकाला वेगळे पैसे मोजावे लागतात त्याला ‘मोफत’ म्हणता येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हाही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचाच प्रकार मानला आहे; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. पत्रक या चौकटीत येते याबद्दल शंका नाही. ओट्यावरचे प्रात्यक्षिक येते का, हे वकिलांनी ठरवावे. कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी, धूर आणि वायू यांच्या साहाय्याने केलेले निवेदनही धरले आहे, तेव्हा आमच्या पेल्यातले बुडबुडे त्यात बसावेत असे मला आपले वाटते. पत्रकाचे छायाचित्र आणि बिलाची प्रत जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने प्री-फिल्टर आणि फिटिंगचे 1,050 रुपये परत केले; पत्रकाबद्दल काही कळवले नाही.

यंत्राविषयी जे सांगायचे ते असे. आठ लिटरची टाकी भरताना काळ्या नळीतून किती पाणी वाया जाते हे मी बादली लावून मोजले. ते 22 लिटर भरले. आता ते पाणी लादी पुसायला आणि गॅलरी धुवायला जाते, पण रोज एवढी लादी कोण पुसते. पाण्याची चव सपक आहे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी “पाण्याला पाण्याची चव नाही” असे सांगून तांब्याच्या कळशीचा आग्रह धरला. टीडीएस कंट्रोलर नावाचा एक स्क्रू तंत्रज्ञाने फिरवून आकडा 22 वरून 65 वर आणून दिला तेव्हा चव सुधारली. आरओच्या पडद्यातून न गेलेले थोडे पाणी परत मिसळणे एवढेच तो स्क्रू करतो, म्हणजे जे काढायला पैसे घेतले त्यातलेच थोडे परत घातले. क्लोरीन कार्बन फिल्टरमध्ये निघून जात असल्याने टाकीतले पाणी बिनपहाऱ्याचे असते, तेव्हा टाकी वेळच्या वेळी धुवावी लागते. हे पत्रकात कुठेही नाही, तंत्रज्ञाने विचारल्यावर सांगितले. तो तंत्रज्ञ मात्र गुणी आहे, सांगितलेल्या वेळी येतो आणि बदललेला जुना भाग हातात देऊन जातो. पहिले वर्ष सेवा मोफत होती; दुसऱ्या वर्षापासून एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) दरवर्षी 4,200 रुपये, म्हणजे चार वर्षांत यंत्राच्या किमतीपेक्षाही अधिक. हा हिशेब विक्रीच्या दिवशी कोणी मांडला असता तर त्या दिवशीचा सौदा बहुधा झाला नसता.

आणि तरीही मी यंत्र काढून टाकलेले नाही. एप्रिलच्या मध्यापासून आमच्या सोसायटीला नळाचे पाणी पुरत नाही आणि टँकर सुरू होतात. ते पाणी कुठल्या तरी बोअरचे असते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोंडावर पांढरा थर बसतो. गेल्या वर्षी त्याचा टीडीएस मी मोजला तो 780 भरला. त्या दीड-दोन महिन्यांत भिंतीवरच्या या यंत्राने आपले पैसे वसूल करून दिले, कारण अशाच पाण्यासाठी आरओ असते. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो हे विक्रेत्याला माहीत असणार. पण वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिकात त्याने टँकरचा ‘ट’ही काढला नाही.